चार बोटं मागे

खिशात किंवा अंगावर धातूचं काही असेल तर काढून इथे ठेवा, हे वाक्य मी दिवसातून चाळीस-पन्नास वेळा म्हणते आणि म्हणताना माणसाकडे बघतसुद्धा नाही. निळ्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये माणसं आपापला संसार काढून ठेवतात. किल्ल्या, नाणी, सेफ्टी पिना, पट्ट्याचं बक्कल. एकदा एका बाईंनी पर्समधून नव्हे, चक्क कमरेतून चमचा काढून ठेवला होता आणि मी काही विचारायच्या आत ‘असू दे हो’ म्हणून मोकळ्या झाल्या होत्या. एक्स-रेच्या खोलीत सोळा वर्षं काढल्यावर कशाचंच नवल वाटेनासं होतं. त्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला खुब्याच्या फोटोसाठी आलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी ट्रेमध्ये किल्ल्यांचा जुडगा ठेवला, चष्म्याचं घर ठेवलं, आणि मग डाव्या खिशात हात घालून मोजायची टेप काढली. पोलादी पट्टीची, पिवळी, कडांचा रंग उडालेली. ठेवण्याआधी त्यांनी ती अंगठ्याने दाबली. मग पुन्हा एकदा दाबली. ते दोनदा दाबणं मी आधी ओळखलं, चेहरा नंतर.

कागदावर वय एकाहत्तर लिहिलं होतं, उजवा खुबा, दोन बाजूंनी फोटो. कागदावरचं नाव मला माहीत नव्हतं. सत्तावीस वर्षांत ज्या माणसाचा विचार केला नाही असा आठवडा गेला नाही, त्याचं खरं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं, आणि एवढ्याशा गोष्टीचीही लाज वाटली. त्यांनी मला ओळखायचं कारण नव्हतं. माझ्या तोंडावर मास्क होता, केस अर्धे पांढरे झालेत, कोटावरच्या पट्टीवर नवऱ्याचं आडनाव आहे. तरी मी टेबलाकडे चालत गेले ती उजवा पाय अगदी जपून टाकत. दमले की मी थोडी लंगडते. त्यांच्यासमोर लंगडायचं नाही एवढंच डोक्यात होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

आम्ही त्यांना टेपकाका म्हणायचो. जिम्नॅस्टिक्सच्या हॉलवर ते मदतनीस होते. मॅट घालणं, बार पुसणं, हाताला लावायच्या पावडरीचं भांडं भरणं, आणि मुख्य म्हणजे व्हॉल्टची मापं लावणं. व्हॉल्ट बघायला एका दमाचा खेळ. मुलगी लांबून धावत येते, स्प्रिंगबोर्डवर दोन्ही पाय आपटते, वर उडते, टेबलाला हात टेकते न टेकते तोच हवेत फिरून पलीकडे उभी. बघणाऱ्याला वाटतं, सगळी हिंमत. प्रत्यक्षात निम्मं काम मापाचं असतं. कुठून धावायचं आणि बोर्ड टेबलापासून किती लांब ठेवायचा, हे प्रत्येकीचं वेगळं, कारण प्रत्येकीची उंची वेगळी, पाऊल वेगळं. ही मापं सरांच्या वहीत असायची आणि टेपकाकांच्या डोक्यात. मुलगी बदलली की ते गुडघ्यांवर बसत, टेबलाच्या पायापासून टेप ओढत, बोर्ड सरकवत, त्याच्या पुढच्या कडेला चिकटून खडूची रेघ मारत, टेप अंगठ्याने दोनदा दाबून खिशात टाकत आणि बाजूला होऊन म्हणत, “जा पोरी, मोकळं आहे.” बोर्डाला हात लावायचा हक्क हॉलमध्ये दोघांनाच, सरांना आणि त्यांना. मुलींनी पायाचं बोटसुद्धा लावायचं नाही. एकीने नुसता बसायला म्हणून बोर्ड ओढला तर सरांनी तिला महिनाभर फक्त दोरीवर चढवलं होतं.

“पाठीवर झोपा,” मी म्हणाले. “पाय सरळ. आता दोन्ही अंगठे आत वळवा, एकमेकांना लागतील असे.” हे सहसा कुणाला एकदा सांगून जमत नाही, कुणी गुडघे वळवतं, कुणी नुसतीच बोटं हलवतं. त्यांनी अचूक वळवले आणि तसेच धरून ठेवले. दुखत असणार, कपाळावर दिसत होतं. मी काचेच्या आड गेले, हलू नका म्हणाले, बटण दाबलं. स्क्रीनवर त्यांची हाडं उमटली. उजव्या खुब्याची वाटी झिजून हाड हाडाला लागलेलं. गुडघ्यांवर बसून बसून झालं का हे, असा वेडगळ विचार आला. खुबा असा झिजत नाही, हे मला नवशिकीलासुद्धा शिकवता येईल. पण त्या क्षणी त्यांच्या अंगात जे काही मोडलं असेल ते माझ्याच खात्यावर आहे असं वाटत होतं. काचेतून बघितलं तर ते छताकडे डोळे लावून, अंगठे जुळवून, अजून तसेच पडलेले. मी ‘झालं’ म्हणायचं विसरले होते.

मी चौदाची होते तेव्हा त्या हॉलमध्ये माझ्या तोडीचं कुणी नव्हतं. फुशारकी नाही मारत. आता मारून करणार काय. सर पाहुण्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, ही पुढच्या वर्षी देशाच्या संघात. टेपकाका मला नाकतोडा म्हणायचे. मला ते सगळं खरं वाटत होतं आणि त्याच वर्षी मी वाढायला लागले. सर दर सोमवारी भिंतीवर रंगवलेल्या पट्टीला पाठ लावून आमची उंची घेत. उंची वाढली की हवेत फिरणं जड जातं, हे ते लपवून ठेवत नसत. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी एक मुलगी होती, बारवर पाण्यासारखी वाहायची. तिची उंची एका सोमवारी सरांनी दोनदा मोजली, वही मिटली आणि म्हणाले, “तू आता धावायला लाग. पाय चांगले आहेत तुझे.” ती हसली आणि कपडे बदलायच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मी तिला पाणी नेऊन दिलं नाही. तिच्या जवळ गेलं तर उंची लागेल अशी काहीतरी भीती होती. पुढच्या सोमवारपासून मी ढगळ ट्रॅकपँट घालून पट्टीला उभी राहायला लागले आणि आत गुडघे किंचित वाकवायला लागले. आधी एक बोटभर. मग दोन. टाचा भिंतीला, पाठ भिंतीला, मान ताठ, आणि सगळा भार मांड्यांवर. जिम्नॅस्टच्या मांड्या होत्या त्या, अर्धा मिनिट वाकून उभं राहणं म्हणजे काहीच नाही. सरांच्या वहीत माझी उंची पाच महिने हलली नाही, आणि उंची हलली नाही म्हणून मापंही हलली नाहीत.

आईला माहीत होतं. सलवारी उसवून लांब करत ती एकदा दोरा तोडता तोडता म्हणाली, “सरांना दिसत नाही का गं?” मी म्हटलं, दिसत असतं तर बोलले असते. तिने सुईत नवा दोरा ओवला. आम्ही दोघी त्या खोटेपणात सलवारीच्या शिवणीइतक्या सहज शिरलो. टेपकाकांना मात्र दिसलं होतं. धावपट्टीवर पावडरीच्या तळव्यांचे ठसे उमटतात, ते पुसायचं काम त्यांचं. एका संध्याकाळी फडकं हातात धरून ते मला म्हणाले, “नाकतोड्या, पाऊल लांबलंय तुझं. माप बदलायला पाहिजे. सरांना सांगतो.” मी त्यांचा हात धरला. नको काका, म्हटलं, सर मला काढतील, निवड चाचणी होऊ दे, मग मीच सांगते. मी रडले नाही, पण रडायच्या बेतात आहे असं दाखवलं. ते मला तेव्हाही येत होतं. काकांनी ठशांकडे बघितलं. मग म्हणाले, “बरं. नाही सांगत.” आणि फडकं फिरवून ठसे पुसून टाकले.

दुसऱ्या फोटोसाठी त्यांना कुशीवर वळवायचं होतं. मी खांद्याला हात लावला तेव्हा ते “सॉरी हं, बाई” म्हणाले, स्वतःचंच वजन दुसऱ्याला उचलायला लागतंय म्हणून. आणि मला काय दुर्बुद्धी झाली, मी विचारलं, “टेप कशाला ठेवता खिशात?”

“सवय,” ते म्हणाले. “पडद्यांच्या दुकानात होतो ना वीस-बावीस वर्षं. लोकांच्या खिडक्या मोजायच्या. पोरं हसायची मला, एक खिडकी तीनदा मोजतो म्हणून. मालक म्हणायचा, अहो, खिडकी काय पळून जाणार आहे का.” ते स्वतःच हसले. “पण तीनदा मोजल्याशिवाय कापड कापू दिलं नाही कधी. त्याच्या आधी एकदा न बघता राहिलो होतो. एका पोरीचा पाय गेला त्यात.”

मी काचेच्या आड गेले. हलू नका, म्हणाले. माझा आवाज माझ्या कानाला नीट वाटला, आणि त्याचीच किळस आली.

निवड चाचणी आमच्याच हॉलवर होती. बाहेरून आलेले तीन परीक्षक लांब टेबलामागे बसलेले, सर पांढरा शर्ट घालून, आणि आई खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत. सकाळच्या सरावात मला टेबल अंगावर येतंय असं वाटत होतं. पाऊल लांबलेलं, पाय लांबलेले, आणि माप पाच महिन्यांपूर्वीच्या मुलीचं. प्रत्येक उडीला हात अवघडून पडत होते. खरं बोलायला अजूनही वेळ होता. सर दहा पावलांवर होते. पण खरं बोलायचं तर गुडघे सरळ करून उभं राहायला लागलं असतं, तीन परीक्षकांदेखत. माझी पाळी आली. टेपकाकांनी माप घेतलं, बोर्ड लावला, रेघ मारली, टेप दोनदा दाबली. मी म्हटलं, “काका, भांड्यातली पावडर संपलीय.” संपली नव्हती. तळाला होती, हाताला पुरली असती. ते भांडं घेऊन कोपऱ्यातल्या पेटीकडे वळले आणि मी बोर्डाजवळ जाऊन, बुटाची नाडी बांधायला वाकावं तशी वाकून, बोर्ड मागे, टेबलापासून लांब ओढला. बूट मी घातलेलेच नव्हते. पण कुणाचं लक्ष नव्हतं. परीक्षक आधीच्या मुलीचे गुण लिहीत होते. चार बोटं ओढला. दोन पुरली असती हे मला आता कळतं. तेव्हा मला वाटलं, असू दे जरा मोकळं. काका पावडर घेऊन आले, मी हातांना चोळली. “जा पोरी, मोकळं आहे,” ते म्हणाले.

धावताना फार छान वाटत होतं, हे मी कुणालाच कधी सांगितलेलं नाही. पाच महिन्यांत पहिल्यांदा पाय पूर्ण उघडले होते. बोर्डवर पाय पडले, अंग उडालं, आणि टेबल जिथे असायला हवं होतं तिथे नव्हतं. हात मधोमध पडायचे ते कडेवर पडून घसरले. अंग अजून फिरत होतं आणि उजवा पाय आधी खाली आला, सरळ. आवाज झाला तो मला बाहेरून कुठून तरी आल्यासारखा ऐकू आला, खुर्ची मोडल्यासारखा. मग छताचे दिवे. मग सरांचा चेहरा, आणि त्यांच्यामागे आईचा. सर माझ्या पायाकडे बघून बोर्डाकडे गेले. खडूची रेघ एकीकडे, बोर्ड चार बोटं मागे.

“रेघ इथे आणि बोर्ड तिथे,” सर म्हणाले. “डोळे कुठे होते तुझे?”

“साहेब, मी रेघेला लावून ठेवला होता.”

“मग काय चालत गेला?” सर माझ्याकडे वळले. “तू हात लावलास बोर्डाला?”

मी जमिनीवर पडून नाही म्हणाले. बेशुद्ध नव्हते, घाबरून बरळतही नव्हते. इतकं स्वच्छ डोकं माझं त्यानंतर कधी चाललेलं नाही. मी हिशेब केला की हो म्हटलं तर का, हा प्रश्न येईल, आणि त्या ‘का’च्या मागून ट्रॅकपँट, सोमवार, आई, सगळं रांगेने बाहेर येईल. म्हणून नाही म्हणाले. टेपकाकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना तेव्हा एक वाक्य बोलता आलं असतं: साहेब, पोरीची उंची मोजा. ते बोलले नाहीत. त्यांनी शब्द दिला होता ना. मी त्यांच्या शब्दावर उभी राहून त्यांनाच ढकललं. स्ट्रेचर दारातून बाहेर जाताना ते हात पुढे बांधून उभे होते, हाताला पावडर, आणि दुसऱ्या दिवसापासून ते हॉलवर नव्हते.

गुडघ्याची दोन ऑपरेशनं झाली आणि खेळ संपला. उंचीचं गुपित तर पलंगावरच फुटलं. इस्पितळात कुणीतरी लांबी मोजून कागदावर लिहिली, पण तोवर ती कुणाच्या कामाची राहिली नव्हती. राहिली ती गोष्ट. निष्काळजी माणसाने माप चुकवलं आणि एका गुणी मुलीचं आयुष्य पालटलं. आई ती भेटायला येणाऱ्यांना सांगायची; आधी अडखळत, नंतर सरावाने, शेवटी तिचा स्वतःचाच विश्वास बसला. वड्याचं तेल वांग्यावर निघालं आणि कुणाच्या हाताला डागही लागला नाही. नवरा लग्नाआधी पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याने माझा पाय कशाने गेला ते विचारलं आणि मी तीच सांगितली. त्याचे डोळे भरून आले. इतका चांगला माणूस, अजूनही मी जिना चढताना हाताखाली हात धरतो, आणि धरतो तो माझा नव्हे, त्या गोष्टीतल्या मुलीचा. माझ्या मुलीने शाळेत ‘माझी आई’ निबंध लिहिला. त्यात ओळ होती, आईने त्या माणसाला मोठ्या मनाने क्षमा केली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, आईने केलीच असेल. शिक्षिकेने त्या ओळीखाली लाल रेघ मारून ‘छान’ लिहिलं होतं. तो निबंध नवऱ्याने फ्रिजवर लावला. वर्षभर दूध काढताना मी तो वाचत होते.

दुसरा फोटो स्वच्छ आला. काम झालं होतं. मी काचेआडून बाहेर आले आणि म्हणाले, “आणखी एक घ्यावा लागेल. पाठीवर या पुन्हा.” फोटो लागणार नव्हता. यंत्राला हातसुद्धा लावायचा नव्हता मला. फक्त त्यांना उठू द्यायचं नव्हतं. ते निमूट वळले, अंगठे आत जुळवले. दुखऱ्या खुब्याच्या माणसाला मी माझ्या हिमतीची वाट बघत तसं झोपवून ठेवलं, यातसुद्धा मी माझंच बघत होते. बाहेर बाकावर त्यांची सून बसली होती, दाराच्या काचेतून तिचा खांदा दिसत होता. हा माणूस सत्तावीस वर्षं स्वतःला अपराधी समजत होता. ते एका वाक्याने उतरवणं माझ्या हातात होतं, आणि ते वाक्य बोललं की मुलीच्या निबंधातली, नवऱ्याच्या हातातली ती मुलगी मरणार होती. मी मास्क खाली ओढला.

“काका,” मी म्हणाले, “बोर्ड मी ओढला होता. पावडर संपली नव्हती.”

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, नुसत्या चेहऱ्याकडे नाही, खाली पायाकडे, पुन्हा चेहऱ्याकडे. “नाकतोडा?” ते म्हणाले.

“हो.”

“किती ओढलास?”

मला वाटलं होतं का विचारतील. “चार बोटं,” मी म्हणाले.

“चार,” ते म्हणाले. त्यांनी हात वर केला आणि स्वतःची चार बोटं जोडून बघितली. “चारच होती. मी नंतर मोजली होती, तुला नेल्यावर. मला वाटायचं, मी पावडर आणायला गेलो तेव्हा कुणाचा तरी पाय लागून सरकला असणार आणि आल्यावर परत बघायला मी विसरलो. पण नुसता पाय लागून चार बोटं सरकत नाही बोर्ड. हे मला कळायला पाहिजे होतं.” ते उठायला लागले, मी हात दिला, तो त्यांनी धरला. टेबलाच्या कडेला पाय सोडून बसले. “आमची ही म्हणायची. जन्मभर म्हणत होती. पोर उंच झालेली, तिला जवळ पडत असणार, तिनेच ओढला. मी म्हणायचो, गप्प बस, पाय मोडून पडलेलं लेकरू खोटं बोलेल का? एकदा फार बोललो तिला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ऐकावं इतकं. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. पण माझ्याशी पहिल्यासारखी बोलली पण नाही.”

“त्यांना मी येऊन सांगते,” मी म्हणाले. “आज येते. ड्युटी संपली की येते.”

“तिला जाऊन तीन वर्षं झाली,” ते म्हणाले.

मी त्यांच्या पायाशी खाली बसले. क्षमा मागायला म्हणून बसले, पण शब्द कुठून सुरू करायचे ते कळेना, म्हणून त्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या. ते म्हणाले, “पाऊल लांबलं होतं तुझं. मी सरांना सांगायला पाहिजे होतं. तुझ्याकडे बघून गप्प बसलो, तीही चूकच ना.” मी नको म्हणाले, काका, आता तुम्ही तुमची चूक काढू नका. ते म्हणाले, “काढत नाही. मापात बोलतोय.” आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताखालून पळून जावंसं वाटलं. त्यांनी मारलं असतं तर मला बसून राहता आलं असतं.

तेवढ्यात दार वाजवून सून आत आली. बराच वेळ झाला म्हणून काळजीने. मला जमिनीवर बसलेलं बघून ती गोंधळली. मी उठले, घाईत उठले की गुडघा दगा देतो, तसा दिला, आणि टेबलाचा आधार घ्यावा लागला. टेपकाका म्हणाले, “ही आमच्या हॉलमधली पोर. फार सुरेख उडी मारायची.”

सुनेने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग पायाकडे, आणि तिचा हात तोंडावर गेला. “म्हणजे त्याच तुम्ही?” ती जवळ आली, माझे दोन्ही हात धरले. साधी, सरळ बाई, डोळ्यात पाणी लगेच. “काय सांगू तुम्हाला, आमच्या घरात तुमचा विषय नाही असा दिवस जात नाही. बाबा अजून झोपेत मोजतात. त्यांच्या हातून जे झालं ते झालं, पण फार भोगलंय हो त्यांनी. एकदा त्यांच्यासमोर म्हणा ना, म्हणजे त्यांचा जीव शांत होईल. माफ केलंत ना त्यांना?”

टेपकाका वाकून चपलेचा पट्टा लावत होते. तो लावायला एवढा वेळ लागत नाही. ते मला वेळ देत होते, हे मला कळलं. सुनेकडे नाही, माझ्याकडेही नाही, फक्त पट्ट्याकडे बघत, एखादीला धावपट्टी मोकळी करून द्यावी तसे बाजूला झाले होते. एकच वाक्य होतं. थोड्या वेळापूर्वी बोलून दाखवलेलं, जिभेवर तयार असलेलं. बाई माझे हात धरून उभी होती, तिचं तोंड प्रेमळ आणि गावभर बोलणारं, उद्या ते वाक्य माझ्या नवऱ्याच्या कानावर, मुलीच्या कानावर, इस्पितळातल्या सगळ्यांच्या कानावर जाईल हे मला त्या एका क्षणात दिसलं. डोकं पुन्हा स्वच्छ चालायला लागलं होतं.

“हो,” मी म्हणाले. “केव्हाच.”

सुनेने माझे हात कपाळाला लावले. टेपकाकांनी पट्टा लावला, टेबलाला धरून हळूहळू उभे राहिले, ट्रेमधल्या वस्तू एकेक करून खिशात टाकल्या. मग सुनेच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बघ, मी सांगत होतो ना. पोर मनाची मोठी आहे.”

त्यांच्या आवाजात टोमणा आहे का, हे मी जिवाचा कान करून ऐकलं. नव्हता.